आजोबांना जमतं तेवढंच

मी प्रोसेसर बोलतोय. एका वाचनालयाच्या संगणकाचा मेंदू होतो मी. सध्या टेबलाच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याशेजारी पडून आहे. कुचकामी ठरलोय म्हणे. संताप येतो मला, आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हाच माझ्या अंगी एक कसब होतं. एका दमात सोळा बेरजा करायचो. म्हणून तर मला आणलं. दृष्टी नसलेल्यांना पुस्तकं वाचून दाखवणारा एक आभासी संगणक माझ्यावर चालणार होता. आभासी म्हणजे स्वतःचं शरीर नसलेला, माझ्याच जिवावर राहणारा पाहुणा. अक्षरांचा आवाज करायला आकडेमोड फार लागते.

शेजारी एक जुना संगणक होता. त्याच्या प्रोसेसरला मी आजोबा म्हणायचो. त्यांना एका दमात चारच बेरजा जमायच्या. आमच्यापैकी एकाची दुरुस्ती निघाली की पाहुण्याला चालता चालता दुसऱ्याकडे हलवत. माझं कसब पाहिलेला पाहुणा आजोबांकडे जाऊन तेच मागू लागला असता, तर वाचता वाचता कोसळला असता. म्हणून संगणक सांभाळणाऱ्या काकांनी पाहुण्याला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: आजोबांना जमतं तेवढंच पाहुण्याला दिसावं. वडीलधाऱ्यांसाठी म्हणून मीही गप्प बसलो.

पुढे आजोबा गेले. त्यांची रिकामी पेटी आता खोलीचं दार उघडं राहावं म्हणून लावलीय. ओळ मात्र राहिली. पाहुणा रोज सुरू होताना विचारायचा, तुम्हाला काय काय येतं? मी तोंड उघडायच्या आत ती ओळ उत्तर द्यायची, चार बेरजा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

दुपारी मास्तर यायचे. निवृत्त शिक्षक, डोळे गेलेले, घरी वाचून दाखवणारं कुणी नाही. चार-चार बेरजांवर चालणारा आमचा आवाज शब्दाशब्दाला अडखळायचा. एकदा ते ग्रंथपाल बाईंना म्हणाले, "बाई, हा दमेकरी आहे का हो? क्रियापद येईपर्यंत मी कर्ता विसरतो." रोज येणारे मास्तर मग आठवड्यातून एकदा येऊ लागले.

बाईंनी काकांना गाठलं. काकांनी पंखा पुसला, वायरी हलवून पाहिल्या, फाइल तेवढी उघडली नाही. चालू आहे त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. प्रोसेसरच कच्चा निघाला, असं सांगून ते मोकळे झाले. अंगण तुम्ही वाकडं करायचं आणि नाचता येत नाही म्हणून मला हिणवायचं, हा कुठला न्याय?

आज माझ्या जागी नवा आला. एका दमात बत्तीस बेरजा करणारा. आणि येरे माझ्या मागल्या! काकांनी माझीच फाइल त्याच्यावर जशीच्या तशी उतरवली. वर बाईंना अभिमानाने सांगितलं, "जुनं काही हलू दिलं नाही."

बाईंनी मास्तरांना मुद्दाम फोन करून बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला खणात सगळं ऐकू आलं. मास्तर खुर्ची ओढून बसले. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि काठी चाचपली.

"बाई, हा तोच आहे."

काका, मला परत लावू नका हवं तर. पण ती ओळ खोडा. आत्ताच खोडा. मास्तर हळूहळू उतरतात, अजून जिन्यातच असतील.