तिसरी ओळ

नाकावर माशी बसू देत नाही, असं संस्थेत सगळे माझ्याबद्दल म्हणतात, आणि ते खरं आहे. समुद्रविज्ञान संस्थेच्या प्रकाशन विभागात मी सव्वीस वर्षं प्रुफं तपासते आहे. शास्त्रज्ञांना एक गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यातल्या दोन वेळा खोडणं हे माझं काम.

बोटीवरच्या लोकांसाठी आम्ही एक कार्ड काढलं होतं. प्लास्टिकमध्ये मढवलेलं, खिशात मावणारं, चाळीस संज्ञांचं. प्लवक म्हणजे काय, उधाणाची भरती कुठली आणि भांगाची कुठली, असं सगळं. प्रत्येक संज्ञेला दोनच ओळी, हा नियम माझा. तिसरी ओळ मागायला आलेल्या दोघातिघांना मी वाटेला लावलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सर माझ्या टेबलापाशी आले. भरती-ओहोटीचे प्रवाह हा त्यांचा विषय, आणि कार्डाचा मजकूरही त्यांचाच. दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"'स्तब्ध पाणी' यातलं दुसरं वाक्य कुठं गेलं?"

मी वाचलं. 'भरती-ओहोटी पालटताना प्रवाह थांबतो, तो थोडा वेळ.' सुटसुटीत होतं.

"तिसरी ओळ होत होती सर. कात्री लावली."

"पहिल्या आवृत्तीतही?"

"पहिल्यातच. तुम्ही परिषदेला गेला होतात."

त्यांनी चष्मा काढला. हा माणूस चिडत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. "अहो, तेच वाक्य कामाचं होतं. खाडीचं तोंड अरुंद असलं की ओहोटी संपली तरी आत साठलेलं पाणी बाहेर पडत राहतं. आपल्या खाडीच्या तोंडाशी ते त्यानंतर एक तास दहा मिनिटं धावत असतं. थांबतं ते त्यानंतर."

मी प्रूफ तसंच टाकून उठले.

धाकटी, म्हणजे माझी मुलगी, इथेच डायव्हर आहे. डायव्हरांचे जुने मुकादम गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांना खाडी तोंडपाठ होती, कार्डाची गरज नव्हती. त्यांचं काम आता हिच्याकडे आलं होतं. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती म्हणाली होती, "खाडीच्या तोंडाशी तळाला प्रवाहमापक ठेवलाय, तो आज वर काढायचाय. साडेअकराला ओहोटी संपते, तेव्हाच उतरू. पाणी थांबलेलं असतं ना गं तेव्हा?" मी डबा भरत होते. मी मान हलवली होती, आणि वर केस नीट बांध म्हणून बजावलं होतं.

घड्याळात अकरा सव्वीस झाले होते. मी जिना उतरले, अंगण ओलांडलं, वायरलेसच्या खोलीत शिरले. सर मागून धापा टाकत येत होते. वायरलेसवाल्याने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता माईक हातात दिला.

"बोलताना बटण दाबा, ऐकताना सोडा," एवढंच तो म्हणाला.

"धाकटे, उतरू नकोस. पाणी थांबलेलं नाहीये."

खरखर झाली. "आई? तू इथं कशी? जोडीदार आत्ताच उतरला. त्याच्या कमरेची दोरी माझ्या हातात आहे, तो मापकापाशी पोचला की मी जाते."

"त्याला वर घे."

"अगं, कार्डावर..."

"कार्ड चुकलंय. ओढ त्याला."

तिला ते पटायला वेळ लागला. माझं छापलेलं चुकत नाही, हे तिनं लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मग तिचा आवाज बदलला. "दोरी तिरकी गेलीये. ताणलीये. मी झटके देऊन खुणा करतेय, तो उत्तर देत नाहीये."

आणि वायरलेस गप्प झाला.

चार मिनिटं, असं नंतर मला कुणीतरी सांगितलं. कुणाचा तरी मुलगा त्या दोरीच्या टोकाला होता, आणि मी एक ओळ वाचवली होती. सरांनी खुर्ची पुढे केली. मला त्या खुर्चीचाही राग आला. मी उभीच राहिले.

"मिळाला," धाकटी म्हणाली. ती रडत होती की धापा टाकत होती, कळेना. "शुद्धीवर आहे. खांदा निखळलाय. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोरी खडकावर कापली गेली असती."

वायरलेसवाला लगेच दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलवायला लागला.

"आई, कार्डातलं काय चुकलंय?"

ही वाहिनी सगळ्या बोटी ऐकतात. सरांनी माईकसाठी हात पुढे केला. "द्या, मी सांगतो. मजकूर माझा आहे."

मी दिला नाही. "सरांनी बरोबर लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य मी काढलं. जागा नव्हती म्हणून."



"पण सकाळी मी कार्डाला कुठं विचारलं होतं," ती म्हणाली. "तुला विचारलं होतं. तू मान हलवलीस."

मी बटण दाबलं. मला ते वाक्य काय होतं ते माहीतच नव्हतं, मी न वाचताच छाटलं होतं, हे सांगायचं होतं.  अंगठा बटणावर तसाच दाबलेला राहिला.

"मॅडम, अंगठा काढा," वायरलेसवाला हळूच म्हणाला. "तुम्ही दाबून धरलंत तर तिला बोलता येत नाही."