सजवलेले खांब

चौलच्या वाड्यांत सुपारीला कोळेरोग लागला त्याला दोन पावसाळे झाले होते. कोवळी सुपारी हिरवीच गळायची आणि पोफळींखाली नुसता सडा पडायचा. माणसं पिचकाऱ्या घेऊन एकेका पोफळीवर चढत, मोरचूद-चुन्याचं पाणी मारत. पण निम्मी वाडी होईतो पाऊस यायचा आणि सगळं धुऊन न्यायचा. तेव्हा धर्माजी राऊताने डोकं लढवलं. अलिबागच्या कचेरीत खेटे घालून घालून त्याने साहेब लोकांना असं भंडावून सोडलं, की अखेर मे महिन्यात मुंबईच्या एका कंपनीचं हेलिकॉप्टर चौलात फवारणीला यायचं ठरलं.

गोवा मोकळा झाल्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. गावात अजून वीजही नव्हती. खांब उभे होते, तारा ओढून झाल्या होत्या, पण वीज आपली आज येते, उद्या येते. आणि विजेच्या आधी धर्माजी हेलिकॉप्टर आणणार होता! मग काय विचारता, गडी जमिनीवरून चालेना. पारावर बसला की बोट वर करूनच बोलायचा.

आदल्या दिवशी दुपारी वैमानिक जीपने जागा बघायला आला. वसंत दाबके त्याचं नाव. पुण्याचा, तिशीही न गाठलेला, हसरा. धर्माजीला त्याने पहिल्या शब्दापासून काका केलं. दोघं सगळी वाडी फिरले. धर्माजीच्या वाडीला लागून भातखाचरांचा एक अरुंद पट्टा होता, पलीकडे दुसरी वाडी. त्या पट्ट्यातून विजेचे सहा खांब गेले होते. लाकडी, उंच, सडसडीत. दाबके तिथे थांबला आणि त्याने वहीत सहा टिंबं काढली.

"काका, मला भीती फक्त एका गोष्टीची. तारेची," तो म्हणाला. "वरून तार दिसत नाही. सुताएवढी असते, मागे झाडं असली की संपलंच. म्हणून आम्ही खांब बघतो. दोन खांब दिसले, की मधे तार आहे असं धरायचं आणि वर उठायचं."

"व्हय, व्हय, बराबर हाय," धर्माजी म्हणाला. तेव्हा त्याचं अर्धं लक्ष घरी बायकोने, सोनाबाईने, भाकऱ्या टाकल्या की नाही याकडे होतं. घरी पाहुणा पोटभर जेवला, रायत्याचा आंबा त्याने दोनदा मागून घेतला. सोनाबाईला तेवढ्यावरच तो लेकासारखा वाटायला लागला.

तो गेल्यावर धर्माजीला खरी चिंता पडली. मोठं माणूस यायचं तर गावाच्या वेशीवर कमान बांधायची, ही आपली रीत. हा तर आभाळातून येणार! त्याला वेशीवरची कमान काय कपाळ दिसणार? धर्माजीने विचार केला, वरून येणाऱ्याचं स्वागत वरच पाहिजे. आणि मग त्याला ती कल्पना सुचली. आपल्याला असं काही सुचतं याचा त्याला इतका आनंद झाला, की सोनाबाईला सांगताना त्याचं हसू आवरेना.

उजाडताच मोरू आणि बाळाजी, वाडीतले दोघे पाडेली, खांबांवर चढले. जन्मभर माडांवर चढलेली माणसं, खांब त्यांना कसला जड. तारांत वीज नव्हती, भीती नव्हती. प्रत्येक खांबाच्या डोक्याला त्यांनी माडाच्या हिरव्यागार झावळ्या चहूबाजूंनी बांधल्या, मधून सुपारीचे तुरे सोडले. खालून धर्माजी सांगत होता, "अजून दोन घाल रं! कंजूषपणा नको!" सहाही खांब असे सजले, की बायका घरातून बाहेर येऊन बघत राहिल्या.

आठ वाजता हेलिकॉप्टर आलं. काचेच्या पोटाचं, भिरभिरणारं ते यंत्र बघून म्हातारी माणसं हात जोडती झाली. धर्माजी खाचरांच्या पट्ट्यात, बांधावर, पांढरं निशाण घेऊन उभा होता. ते काम त्याने स्वतःकडेच घेतलं होतं. निशाण हललं, की त्या रेघेवर वैमानिकाने फवारत यायचं, असं ठरलं होतं.

दाबकेने आधी गावावर एक संथ घिरटी घातली. मग खाचरांकडे आला, पुन्हा वळला, पुन्हा आला. काचेतून त्याची मान इकडेतिकडे होताना दिसत होती. मांडीवरच्या वहीत बघायचा, खाली बघायचा.

"सजावट बघतोय!" धर्माजी ओरडला. सगळ्या गावाने हात हलवले.

पलीकडच्या वाडीवर दोन फेऱ्या झाल्या. निळसर पाणी झिरमिरत पोफळींच्या शेंड्यांवर उतरलं. धर्माजीचे डोळे भरून आले. मग हेलिकॉप्टर वळलं आणि खाली उतरून, पोफळींच्या शेंड्यांच्या बरोबरीने, धर्माजीच्या वाडीकडे निघालं. धर्माजीने निशाण हलवलं आणि सहज, अगदी सहज, खांब कुठे आहेत म्हणून मान वर केली.

त्याला खांब दिसेनात.

पोफळी दिसत होत्या. मागे वाडीतल्या पोफळी, पुढे ओळीने आणखी सहा पोफळी. बारीक खोड, वर हिरवा झुबका. ज्याने स्वतः उभं राहून ते बांधून घेतलं, त्यालाच ते सापडेनात. कालचं बोलणं त्याला आता आठवलं. दोन खांब दिसले की मधे तार.

"नको! वर! वर जा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. त्या घरघराटात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. तो बांधावरून धावत सुटला, दोन्ही हातांनी निशाण हलवत. आणि दाबके निशाणाच्या रेघेवर सरळ येत राहिला. ठरलंच होतं तसं. काचेतून त्याने एक हात वर केला, निशाण दिसलं असं काकांना सांगायला.

कडाड असा एकच आवाज झाला. तार ताणली गेली, तिसऱ्या आणि चौथ्या खांबांच्या झावळ्या गदागदा हलल्या, आणि ते यंत्र हवेतच आडवं होऊन खाचरात आपटलं. वरचं पातं तुटून वाडीत शिरलं. मग सगळं शांत झालं. फवाऱ्याचं निळं पाणी तेवढं ढेकळांत गळत होतं. मोरू आणि बाळाजीने काच फोडून दाबकेला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता. धर्माजी बांधावर उभा होता. निशाण अजून त्याच्या हातात होतं आणि हात अजून हलत होता. सोनाबाईने येऊन तो धरला, तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईने मोरूला सांगितलं, "त्या झावल्या काढ रं. चौकशीवाले येतील." मोरू खांबापर्यंत गेला, बुंध्याला हात लावला आणि परत आला. बाळाजीही चढेना. झावळ्या तिथेच वाळू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दाबकेचे वडील आले. निवृत्त शाळामास्तर, टोपी, हातात छत्री. अलिबागला सगळं उरकून, मुलगा जिथे पडला ती जागा बघायला आले होते. धर्माजी त्यांना बांधावर घेऊन गेला. मास्तरांनी खाचरातला खड्डा पाहिला. मग मान वर करून खांबांकडे पाहत राहिले.

"हे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"सायबांच्या स्वागताला," धर्माजी म्हणाला.

छत्री काखेत धरून त्यांनी धर्माजीला हात जोडले. "माझ्या वसंतासाठी एवढं केलंत तुम्ही. त्याच्या आईला सांगेन मी. तिला तेवढंच बरं वाटेल. कंपनीची माणसं म्हणतात, त्याने तार पाहिली नाही, चूक त्याचीच. असेल. पण शेवटच्या दिवशी तो चांगल्या माणसांत होता."

मागे उभी असलेली सोनाबाई पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडे बघत होती. गप्प ऱ्हा, असं तिचे डोळे सांगत होते. धर्माजीलाही गप्प राहायचं होतं, देवाशपथ राहायचं होतं. पण जोडलेले हात तसेच समोर होते आणि ते त्याला बघवेनात.

"मास्तर, हात खाली घ्या," तो म्हणाला. "चूक त्यांची न्हाय. ते खांब बघत हुते. मी खांबांची झाडं केली."

मास्तरांना आधी कळलंच नाही. ते धर्माजीकडे, मग खांबांकडे, मग मागच्या पोफळींकडे बघू लागले. बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्हाला काय कल्पना," ते कसेबसे म्हणाले. "खेड्यातली माणसं तुम्ही. तुम्हाला कोण सांगणार, की वैमानिक खांब बघतात म्हणून?"

मास्तर वाट बघत उभे होते.

"त्यांनीच सांगितलं हुतं," धर्माजी म्हणाला. "हितंच, या बांधावर. मी व्हय म्हटलं."