ओट्याखालचे तीन इंच

मित्रांनो, पोटात पाणी असल्याशिवाय माझा उपयोग शून्य. मी भिमाजी गवंड्याची जुनी लेव्हलची नळी आहे. प्लॅस्टिकची, चाळीस फूट लांब, आता थोडी पिवळट पडलेली. माझी टोकं घराच्या दोन कोपऱ्यांत धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. मधे भिंत आली तरी मी वळसा घालून पोचते. सायखेड्यापासून सातपूरपर्यंत कितीतरी घरांची जोती मी जुळवली, भिमाजीची शाबासकीही मिळवली.

मग त्याचा मुलगा कुंदन लेझरचं यंत्र घेऊन आला. लाल रेघ मारणारं, मोठं रुबाबाचं! मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांखाली गेले. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

यंदा सातपूरला उज्वलाताईंच्या घराचं काम निघालं. अपघातानंतर त्या चाकाच्या खुर्चीवर असतात. दोन वर्षं त्यांचे यजमान महेश कारखान्यातून येऊन पोळ्या लाटत होते आणि त्या नुसत्या बघत होत्या. नव्या घरात स्वतःच्या हातानं स्वयंपाक करायचा, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून ओट्याखाली दोन बुटक्या भिंती बांधायच्या, मधे खुर्ची शिरेल एवढी जागा सोडायची आणि गुडघे मावावेत म्हणून उंची फरशीपासून सत्तावीस इंच ठेवायची, असं ठरलं.

कुंदननं भिंती उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी वर कडप्पा बसणार होता. भिमाजी आला आणि उकिडवा बसून बघत राहिला.

"कुठनं मोजलं रे?"

"खालच्या काँक्रीटपासून. फरशीचे दोन इंच जादा धरलेत. दारात दोनच लागतात ना?"

"दारात लागतील. हितं काँक्रीट खाली गेलेलं वाटतंय."

"आप्पा, मशीनची रेघ लय सरळ हाय."

"रेघ सरळ हाय, पर ती दारातनं हितवर वळून आली का? नळी आण."

मला बाहेर काढून पाणी भरलं, तर पोटात बुडबुडा! बुडबुडा असला की मी चुकीचं सांगते, हा दोष मी लपवत नाही. भिमाजीनं टिचक्या मारून तो घालवला. माझं एक टोक दाराच्या उंबरठ्याशी जुळवलं, कारण फरशी त्याच उंचीला यायची होती. दुसरं टोक स्वयंपाकघरात धरलं. पाणी थोडा वेळ डुललं आणि काँक्रीटपासून पाच इंचांवर थांबलं.

कुंदनचा चेहरा उतरला. "म्हंजी तीन इंच कमी. ताईंचे गुडघे अडकले असते." त्याच दुपारी त्यानं भिंतींवर विटांचा आणखी एक थर चढवून उंची बरोबर केली.

फरशी झाल्यावर उज्वलाताई खुर्ची ढकलत थेट ओट्यापाशी गेल्या. गुडघे अलगद आत गेले. त्यांना एकदम रडू आलं, मग हसूही आलं.

"अहो, परात द्या. आणि आता सगळे बाहेर व्हा, मला कणीक मळू द्या."

मित्रांनो, काम झालं की माझ्यातलं पाणी काढून टाका, मला उन्हात फेकू नका. यंत्र नवं घ्या, माझी हरकत नाही. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, ते आधी विचारा. त्या ओट्याशी कुणीतरी बसणार असतं.