बघू नावाचा डेलिया

फुगाताईला फुगाताई का म्हणायचे, ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळायचं. अंगणात मांजर आलं, तर तिच्या तोंडून बाहेर पडेस्तोवर त्याचा बिबट्या झालेला असायचा, आणि शेजारच्या गल्लीत पोचेस्तोवर त्या बिबट्यानं दोन माणसं खाल्लेली असायची. लोक हसायचे, पण ऐकायला थांबायचे. तिला तेवढंच हवं असायचं.

हात मात्र तिचे खरे होते. गावाच्या कडेला तिचं ग्रीनहाऊस होतं. पन्नास पावलं लांब, आठ पावलं रुंद. कोपऱ्यातली एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. आत सगळा डेलियाचा कारभार. थंडी ओसरली की ती कंद उबेला ठेवायची. कंदाच्या मानेवर डोळे असतात, त्यांतून कोंब निघतात. कोंब बोटभर झाला की ब्लेडनं कापायचा, बुडाला कंदाचा नखभर कपचा राहू द्यायचा, ओल्या वाळूत खोचायचा आणि वर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण ठेवायचं. आत दमट राहिलं की पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात. ऊन चढलं की झाकण तेवढं किलकिलं करायचं. एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम, आणि फुगाताई ते तीस वर्षं करत होती.

तर अशाच एका सकाळी तिची वहिनी आली. हातात बुटांचा खोका.

"फुगे, हात धुऊन ये आधी," वहिनी म्हणाली.

खोक्यात लाकडाचा भुसा, भुशात एक कंद. रताळ्याएवढा, सुरकुतलेला. फुगाताईनं बघता क्षणी ओळखला.

तिचा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग, आणि दुकान बंद केलं की घरामागच्या चार वाफ्यांत. तिथे तो बियांपासून डेलिया करायचा. बियांतून आलेला डेलिया आईवर जात नाही की बापावर, दर रोपाला फूल निराळं. अकरा वर्षांत दादानं शेकडो रोपं उपटून टाकली आणि एक ठेवलं. त्याचं फूल जुन्या पितळेच्या रंगाचं, पाकळ्यांच्या कडा आतून दिवा लावल्यासारख्या. नाव काय ठेवणार, असं कोणी विचारलं की दादा म्हणायचा, "बघू." शेवटी सगळे त्याला बघूच म्हणायला लागले, आणि दादानंही पत्र्याच्या पट्टीवर बारीक अक्षरात तेच कोरलं. गेल्या वर्षी दादा गेला. बघूचे बाकीचे कंद थंडीत कुजले. हा एक वहिनीनं त्याच्या सदऱ्यांच्या कपाटात ठेवला होता, म्हणून वाचला.

"एकाची दोन करून दे," वहिनी म्हणाली. "एक तुला, एक मला. कंद तसाच ठेव, पुढच्या वर्षाला."

"दोन?" फुगाताई म्हणाली. "वहिनी, तू कोणापुढे बसलीयेस? वीस करते!"

"दोन, फुगे."

"वीस! तुझं घर, माझं घर, गल्लीभर बघूच बघू."

वहिनी हसली आणि खोक्यातली दादाची पट्टी एका कुंडीच्या कडेला ठेवून गेली.

कंदानं मनापासून दिलं हो. आज दोन कोंब, उद्या तीन. आठ दिवसांत एकोणीस कटिंग झाली. शहाणी बाई तिथे थांबली असती. पण फुगाताई बोलून बसली होती वीस. कंदाच्या मानेवर एकच बारका डोळा उरला होता, त्याचा कोंब जेमतेम करंगळीच्या पेराएवढा. त्याला कपचा मिळेना, म्हणून तिनं मानेचा तुकडाच कोरून काढला. वीस झाली. डोळे गेले की कंदातून पुन्हा काही उगवत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. तरी ब्लेड चाललं, कारण आकडा गोल होत होता.

वीसही कटिंग एका ट्रेमध्ये, एका झाकणाखाली.

पाचव्या दिवशी दुपारी मास्तर आले. शाळेतून निवृत्त, चष्मा कपाळावर आणि चष्माच शोधत. नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांनी दारातच विचारलं, "काय नवीन?" झालं. दारातल्या पायरीवर फुगाताईनं बघूची गोष्ट सुरू केली.

"मास्तर, ताटाएवढं फूल! ताट कसलं, परात! एकदा शेजारणीचं बाळ सापडेना. पोलीस आले, विहिरी पाहून झाल्या. शेवटी दादा म्हणाला, थांबा, आणि त्यानं बघूच्या पाकळ्या बाजूला केल्या. आत बाळ गाढ झोपलेलं!"

"आणि रडलं नाही?"

"रडलं ना! पाकळ्या उघडल्या म्हणून!"

मास्तर इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि सापडला. मग बाळाचं लग्न कुठे झालं तेही सांगून झालं. तोवर ढग पांगले होते, ऊन काचेवर आलं होतं, आणि झाकण घट्ट बंद होतं. ते उघडायला फुगाताई आत गेली, तेव्हा तास-सव्वा तास उलटून गेला होता. झाकण उचललं तशी वाफ तोंडावर आली. खाली वीस कटिंग उकडलेल्या पाल्यासारखी आडवी.

तिनं पाणी शिंपडलं, सावली केली, लाडीगोडीनं बोलली. आठ दिवसांत वीसच्या वीस काळी पडली. मग ती कंदापाशी गेली. त्याला ऊब दिली, ओल दिली, रोज भिंतीकडून, दाराकडून, सगळीकडून बघितलं. बटाट्याला तरी डोळे असतात. ह्याला तिनं तेवढेही ठेवले नव्हते.

आणि तेवढ्यात वहिनीचा फोन. "रविवारी येते गं बघायला. एक तरी लागलं का?"

"एक?" फुगाताईच्या तोंडून निघून गेलं. "असं लागलंय की बघत राहशील!"

फोन ठेवला आणि ती मेलेल्या कटिंगच्या ट्रेपाशी गेली. शेजारच्या ट्रेमध्ये साध्या गुलाबी डेलियाची रोपं होती. पानं तशीच, देठ तसेच. फुलल्याशिवाय कोणाला कळायचं? तिनं त्यातलं सर्वांत तरतरीत रोप उचललं, कुंडीत लावलं आणि दादाच्या हातची पट्टी मातीत खोचली. पट्टी आत जाताना खडा लागला, तर ती दचकली. पुढच्या रविवारी खरं सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढच्या रविवारी वहिनी उलट्या क्रेटवर बसली होती आणि रोपाशी बोलत होती.

"नळ परत गळायला लागलाय हो. तुमचा तो पाना कुठे ठेवलाय? सगळे खण पाहिले."

फुगाताई पलीकडच्या फळीआड झारी घेऊन उभी. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

"आणि दुकानाची किल्ली मी कोणाला दिलेली नाही. देणारही नाही इतक्यात. घाई करू नका."

वहिनीनं वर्षभराचं साठलेलं त्या रोपाला सांगितलं. जाताना पानाला बोट लावून म्हणाली, "येते." फुगाताईला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गेलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

आता पंचाईत अशी, की रोप वाढतं. वाढलं की कळी धरतं. कळी उमलली की गुलाबी! डेलियाचा शेंडा एकदा खुडायचा असतो, म्हणजे फांद्या फुटतात. फुगाताईनं एकदा खुडला. फांद्या फुटल्या, त्यांचे शेंडे खुडले. मग त्यांच्या फांद्यांचे. कळीचा मोहरीएवढा दाणा दिसला की तिचं बोट पोचलेलंच.

"अजून फूल नाही?" वहिनी विचारायची.

"ताकद धरतोय. दादासारखाच आहे, घाई नाही त्याला."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिला स्वतःची जीभ खुडावीशी वाटली.

झाडाचं झुडूप झालं, झुडपाची म्हैस झाली. दोन हातांत मावेना. मास्तर एक दिवस वाकून पानं बघत म्हणाले, "हेच का ते बाळवालं? पान तर आमच्या दारातल्या गुलाबीसारखंच दिसतं."

"चष्मा लावा, मास्तर!" फुगाताई एवढ्या जोरात ओरडली, की मास्तरांनी कपाळ चाचपलं.

तीन महिने असे गेले. मग एका रविवारी वहिनीनं पानांच्या पोटात हात घातला आणि ओरडली, "फुगे! ही बघ!" आतल्या अंधारात लपलेली, फुगाताईच्या बोटांना चुकलेली एक कळी. चांगली बोराएवढी.

फुगाताईचा हात आपोआप पुढे आला. वहिनीनं तो धरला.

"ही राहू दे. मला बघायचंय त्याला. आता मी घरी नेते."

टॅक्सीत वहिनी कुंडी मांडीवर घेऊन बसली. नुसती झाडाची मुंडी दिसत होती, वहिनी दिसतच नव्हती.

चार दिवस फुगाताईनं काढले. पाचव्या दिवशी खताची पिशवी घेऊन ती वहिनीकडे गेली. खत निमित्ताला. कुंडी खिडकीत, दादाच्या बाकाशेजारी. बाकावर बंद पडलेली घड्याळं ओळीनं, आणि त्याचं भिंग. कळीचं टोक फुटलं होतं. फटीतून गुलाबी डोकावत होतं. केसाएवढं, पण होतं.

"चहा टाकते," वहिनी आतून म्हणाली.

फुगाताईनं कळी दोन बोटांत धरली. वाऱ्यानं पडली म्हणायचं. मांजरानं खाल्ली म्हणायचं. मांजराचा बिबट्याही करता आला असता.

"फुगे, हसशील मला," वहिनीचा आवाज आला, कपांच्या खणखणाटासकट. "काल मी ह्यांना तुझंच सांगत होते. म्हटलं, तुमची बहीण जन्मभर थापा मारत आली, पण ह्या एका गोष्टीत शब्दाला जागली हो."

बोटं सुटली. वहिनी दोन कप घेऊन आली तर फुगाताई खिडकीला पाठ लावून उभी.

"वहिनी, त्या दिवशी काय झालं, असं ऊन पडलं, असं ऊन, की रस्त्याचं डांबर वितळून मास्तरांच्या चपला..."

वहिनीनं कप खाली ठेवले. "डांबर राहू दे. काय झालं?"

"मी झाकण उघडायला विसरले. वीसच्या वीस मेली. कंदाला डोळाही ठेवला नाही मी. हा बघू नाही."

एवढं छोटं बोलणं फुगाताईच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

वहिनी स्टुलावर बसली.

"म्हणजे तीन महिने मी कोणाशी बोलत होते?"

"गुलाबीशी."

"कुठल्या गुलाबीशी?"

"तो... बस स्टँडच्या गोल चक्करमध्ये लावलाय ना, तो."

वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की कशाचा, फुगाताईला कळलं नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिनं एकदा वन्सं म्हटलं होतं, त्यानंतर आज. "कंद कुठे आहे?"

तो फुगाताईच्या पिशवीत होता. तीन महिने तो रोज कुठल्या ना कुठल्या खिशात असायचा. वहिनीनं दादाचं भिंग डोळ्याला लावलं, कंद खिडकीपाशी धरला आणि हळूहळू फिरवला. पूर्ण फिरवून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून फिरवला. मग भिंग काढलं आणि कंद बंद घड्याळांच्या ओळीत शेवटी ठेवला. कुंडीतली पट्टी उपटली, पदरानं माती पुसली आणि ती कंदाशेजारी आडवी ठेवली.

"गुलाबी घेऊन जाते मी," फुगाताई पुटपुटली.

"नको. त्याला माझं सगळं ठाऊक झालंय. आता कुठे पाठवू त्याला?" वहिनीनं कप उचलले. चहा तसाच होता. "पण पाणी मी घालणार नाही. रोज सकाळी तुम्ही यायचं."

फुगाताई रोज जायला लागली. वहिनी दार उघडायची आणि आत निघून जायची. आणि झाड? खुडलेला प्रत्येक शेंडा दोन होऊन आलेला. पंधरा दिवसांत ते जे फुटलं, ते थांबेचना. त्रेसष्ट फुलं फुगाताईनं एका सकाळी मोजली. ह्यात मी एकही वाढवलेलं नाही, तिनंही वाढवलं नव्हतं. खिडकी गुलाबी झाली. रस्त्यानं जाणारे थांबायचे, वर बघून विचारायचे, "कुठला हो हा?"

"साधा आहे," फुगाताई सांगायची. "सगळीकडे असतो."

एका सकाळी ती जिन्यावर पोचली तर दार लोटलेलं होतं आणि आतून वहिनीचा आवाज येत होता. "... आता नळाखाली बादलीसुद्धा पुरत नाही. धड आवळायला मला येत नाही." फुगाताई झारी धरून पायरीवरच थांबली. बोलणं संपलं, तरी थांबली.

दार उघडलं.

"फुगे," वहिनी म्हणाली, "तो पाना कुठे ठेवायचे गं ते? तुला कधी बोलले होते?"

फुगाताईच्या तोंडात एक भलामोठा पाना तयार झाला, तो पुलाखालच्या कुठल्याशा पेटीत होता आणि तिथवर जायला तीन नद्या लागत होत्या. तो गिळून ती म्हणाली,

"नाही, वहिनी. मला ठाऊक नाही."

"मग ये आत. दोघी मिळून शोधू," वहिनी म्हणाली. "आधी त्याला पाणी घाल."