सरकारी सावलीतलं बारसं

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला असावा. औशाजवळ पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं. मजुरणींच्या लेकरांसाठी सरकारनं तिथं पाचटाची सावली घातली, दूध धाडलं आणि सांभाळायला पगारावर पंचफुलाला बसवलं. बौद्धवाड्यातली पंचफुला. सरकारी पगाराची घरातली पहिलीच. पदर खोचून अशी बसायची, जणू कलेक्टरीणच!

पण सावलीत यायची फक्त तिच्या वाड्यातली लेकरं. शेतकऱ्यांच्या बायका आपली तान्ही बाभळीला झोळी बांधून उन्हात ठेवत. पंचफुलाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, दुसरं काय! विहिरी आटल्या, विटाळ काही आटेना.

मुकादम व्यंकटरावानं बजावलं, "पंचफुले, उद्या साहेब तपासणीला यायलेत. लेकरं झाडाला लटकलेली दिसली, तर सावली बंद करतील. जरा विनवून बघ बायांना."

"विनवू कशाला? सरकारनं समद्या लेकरांसाठी धाडलंय. हक्काचं हाय, भीक न्हाई."

बोलली ठसक्यात, पण सावली गेली तर आपली लेकरंही उन्हात येणार, ही धास्ती पोटात होतीच.

त्याच दुपारी कस्तुराबाईच्या झोळीतलं रडणं एकाएकी थांबलं. कस्तुराबाई लांब भरावावर पाटी वाहत होती. पंचफुला धावली. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. कुणाला न विचारता तिनं त्याला सावलीत आणलं, ओल्या फडक्यानं पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं.

कस्तुराबाई धापा टाकत आली, मागून साऱ्या बाया. पोर पंचफुलाच्या मांडीवर चमचा चोखत होतं.

"पाणी पाजलंय मी," पंचफुला म्हणाली. "काय बोलायचं ते बोला."

कस्तुराबाईनं पोराचं अंग चाचपलं, ते निवलं होतं. "दुष्काळात बारसं राहिलंय ह्याचं. आत्या न्हाई ह्याला. तुमीच नाव ठिवा, पंचफुलाबाई."

पंचफुला पोराच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र... साहेबराव!"

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. मग कस्तुराबाईनं पहिला घातला, आणि तिला कधी न शिवलेले सगळे हात तिच्या पाठीवर बरसले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा बाभळीला एकही झोळी नव्हती.

"बाई, पाठ का चोळताय?" त्यांनी विचारलं.

पंचफुला ताठ उभी राहिली. "आत्या झालेय, साहेब!"