अकरावं की चौदावं?

शिंपीणबाईंची स्मरणशक्ती काय विचारता! दहा वर्षांपूर्वी कुणाच्या ब्लाउजला कुठली बटणं लावली होती, हे त्या झोपेतही सांगतील. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी, "तुमची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली?" असं विचारताच त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "अकराव्या."

शेजारी बसलेल्या लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिला चौदावं सरत आलं होतं आणि वर्गात पाळी न आलेली ती एकटीच राहिली होती. मुली बऱ्याचदा आईवर जातात, असं डॉक्टरीणबाई आत्ताच म्हणाल्या होत्या. तब्येत ठणठणीत आहे, थोडी वाट बघू, हे त्यांचं पुढचं बोलणं पोरीच्या कानात शिरलंच नाही.

दुकानात परतल्यावर ती मुकाट्याने एका शर्टाला काजं करत बसली. एरवी तिच्या तोंडाला खळ नसे. बाईंचा जीव कासावीस झाला.

"आई, पाळी आली त्या दिवशी तू काय घातलं होतंस?" तिने एकदम विचारलं.

"निळा स्कर्ट, चुण्यांचा. मशीनवर मी शिवलेला पहिला कपडा. एक चूण उलटी पडली होती बघ."

"आजीने तुला मशीनला हात कधी लावू दिला?"

"नववीत. त्याआधी तर ती..." बाईंचा पाय मशीनवरच थांबला.

"नववीत तू अकरा वर्षांची होतीस?"

बाईंना शाळेतला पाण्याचा नळ आठवला, भोवती मैत्रिणींचा घोळका, 'तुझं कधी झालं गं?' हा प्रश्न, आणि अजून कशाचा पत्ता नसताना आपण ठोकून दिलेलं 'अकराव्या'. तीच थाप इतक्यांदा मारली की शेवटी स्वतःलाच खरी वाटायला लागली. आज तर ती डॉक्टरांनाही ऐकवून आलो!

"साडेचौदा वर्षांची होते गं मी," बाईंनी जीभ चावली. "सगळ्यांत शेवटची. लाज वाटायची, म्हणून मैत्रिणींना खोटं सांगितलं."

लेक खुदकन हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग शर्टात तोंड लपवून ती पुटपुटली, "मी वर्गात बारा सांगितलंय."

बाईंनी तिला ओढून कुशीत घेतलं. त्यांना इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"एका तरी मैत्रिणीला खरं सांगून ठेव बाई," त्या म्हणाल्या, "नाहीतर उद्या तुझ्या लेकीसमोर तूसुद्धा बाराच म्हणशील!"