डेलिमाची न झालेली सही

मित्रांनो, मी मतदानाची एक जुनी मशीन आहे. अंग लोखंडाचं, पडदा हिरवा, छातीवर ओळीनं कळा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका फ्रेंच बोलणाऱ्या गिरणीगावात, चर्चच्या तळघरात मी वर्षभर झोपायची. भिंतीपलीकडे नदी वाहायची. झोपेत वाटायचं, सगळं गाव त्या पाण्यावरून चालत एकेक करून माझ्या पडद्यात शिरतंय.

सप्टेंबरात मला उठवत ते पक्षाच्या आपसातल्या निवडणुकीसाठी. पक्षातर्फे कोण उभं राहणार, हे पक्षाच्याच माणसांनी ठरवायचं. माझ्या कुशीवरची खिट्टी फिरवली, की त्या पक्षाच्या ओळीखेरीज एकही कळ हलत नसे.

त्या वर्षी नगरसभेसाठी अल्बर्टिन उभी होती. तिची थोरली बहीण डेलिमा मत द्यायला आली. ती कुठल्याच पक्षाची नव्हती. यादी घेऊन टेबलाशी बसलेल्या पक्षाच्या माणसानं, ओविलानं, नियम सांगितला: आधी सही करून पक्षाचं व्हायचं, मग आत जायचं.

"सही कशाला? माझी सख्खी बहीण आहे ती."

"बहीण तुमची, मादाम. पक्ष आमचा."

ओविलाचं चुकलं नव्हतं. ज्याचं घर, त्यानं दार उघडावं. पण डेलिमाचा बाप कामगार संघटनेत गेला म्हणून गिरणीनं त्याला काढलं होतं, आणि कुठे नाव देऊ नकोस, असं तो लेकीला सांगून गेला होता. तिनं पेन बराच वेळ धरलं. मग ठेवलं आणि निघून गेली. माझ्या कळा शिवशिवल्या, पण खिट्टी घट्ट होती.

अल्बर्टिन थोडक्यात पडली. तिनं डेलिमाशी बोलणं टाकलं. रविवारी घंटा वाजली की दोघी चर्चच्या वेगवेगळ्या जिन्यांनी उतरायच्या.

नोव्हेंबरात साऱ्या गावाची निवडणूक आली. तेव्हा खिट्टी मोकळी असते. डेलिमानं पडदा ओढला. कळांवर अल्बर्टिनचं नाव कुठून असणार? पण माझ्या माथ्यावर एक सरकतं झाकण आहे; आतल्या कागदावर हवं ते नाव लिहिता येतं. टाचा उंचावून तिनं लिहिलं. गुपित फोडणं आम्हा मशीनांना शोभत नाही, पण दोघीही आता नाहीत.

संध्याकाळी ओविलानं कागद वाचला: अल्बर्टिन, एक. अल्बर्टिन मागेच उभी होती. ती दाराकडे गेली. तिथे शाल गुंडाळून डेलिमा थांबली होती.

"कुणा वेडीनं मला मत दिलंय."

"एकच? तू स्वतःला नाही दिलंस?"

"मी पक्षाची बाई. पक्षाच्या माणसालाच दिलं."

डेलिमानं शालीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं, आणि दोघी एकाच जिन्यानं वर गेल्या.

आता मला गंज चढलाय. शाळेची मुलं येऊन कळा ओढतात. ओढा, मित्रांनो, मला बरं वाटतं. फक्त पडद्याआड कुणी असेल तर घाई करू नका. आणि कुणी पेन खाली ठेवून परत निघालं, तर त्याला वाट द्या, हसू नका.